चार वाजताचा तक्ता

आमच्या ऑफिसात त्यांचं नाव 'कानामात्रा' पडलं होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि आम्ही दोघं, मी आणि माझा धाकटा दीर. नाव त्यानेच पाडलं. फोन उचलल्यावर पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला की तो भुवया उडवायचा, "वहिनी, कानामात्रा" म्हणून फोन माझ्या हातात कोंबायचा आणि खाली चहाला पळायचा. पळपुटेपणात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण पळण्याच्या बाबतीत मी त्याच्याही वरताण निघाले, आणि तेच सांगायला बसले आहे.

लोकांच्या वेबसाइट चालवणं हा आमचा धंदा. त्यातली एक पोहण्याच्या तलावाची. कानामात्रा त्या तलावाचे कुणीच नव्हते. त्यांची नात तिथे पोहायची आणि तिला नेण्याआणण्याचं काम त्यांच्याकडे होतं, एवढाच संबंध. पण एक्केचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. रोज सकाळी चहाबरोबर तलावाचं पान उघडायचे आणि पानाच्या तळाशी आमचा नंबर होता, त्यामुळे चूक सापडली की थेट मला फोन. पहिला फोन आला तो "'आंघोळ करून पाण्यात उतारावे' असं पडलंय, एक काना जास्त झालाय" हे सांगायला. शेवटी म्हणाले, "चूक काढतो म्हणून राग मानू नका."

मी राग मानला. मी मुळात तापट, त्यात चूक माझीच असली की जास्तच तापते. तो काना काढला आणि दिवसभर दिराला फाडून खाल्लं.

पुढे पुढे मात्र सवय झाली. चार-सहा दिवस फोन आला नाही तर चुकल्यासारखं व्हायला लागलं. निवृत्त झाले होते तरी दोन प्रकाशक त्यांच्याकडे अजून शाळेची पुस्तकं तपासायला पाठवत. त्यांची एक रीत होती. प्रत्येक ओळ दोनदा वाचायची, एकदा नेहमीसारखी आणि एकदा शेवटच्या शब्दाकडून मागे. उलटं वाचलं की अर्थ डोळ्यांना फसवत नाही, जे छापलंय तेच दिसतं, असं ते म्हणायचे. मी एकदा करून पाहिलं. तिसऱ्या ओळीला डोकं दुखायला लागलं. हे गृहस्थ एक्केचाळीस वर्षं तसं वाचत होते आणि त्यांच्या हातून गेलेल्या पुस्तकात चूक राहत नाही असा त्यांचा लौकिक होता. हे मला त्यांनी नाही सांगितलं. एका प्रकाशकाची वेबसाइटही आमच्याकडेच होती, त्याने सांगितलं.

मग एक दिवस त्यांची तक्रार आली, पण अक्षरांची नव्हे, चित्रांची. तलावाचं पान त्यांच्या जुन्या संगणकावर भारी हळू उघडत होतं. वरचा निळ्या पाण्याचा फोटो आधी येतो, मग पोहणाऱ्या मुलांची तीन चित्रं एकामागून एक येतात आणि ज्याच्यासाठी पान उघडायचं तो वेळापत्रकाचा तक्ता सगळ्यात शेवटी, तोही वरून खाली पडदा सोडल्यासारखा. "तोवर माझा चहा गार होतो," ते म्हणाले.

तक्ता हे चित्र का होतं, तर तलावाच्या व्यवस्थापकाला रंगांची हौस. लहान गटाला पिवळा, मोठ्या गटाला हिरवा, चाचणीला लाल. तो स्वतः तक्ता रंगवायचा, त्याचं चित्र करायचा आणि वेबसाइटवर चढवायचा. साध्या अक्षरांत तक्ता करून देते म्हटलं की त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. म्हणून मी नाद सोडला होता.

मी कामाला लागले. कानामात्रा त्या बाजूला फोनवर, मी या बाजूला. निळा फोटो दहापटीने हलका केला. मग ब्राउझरला पानाच्या अगदी सुरुवातीलाच सांगितलं की बाकी काही मागण्याआधी तक्ता मागून घे. याला आमच्यात प्रीलोड म्हणतात. "आता?" मी विचारायचे. "आता निळा आला. तक्ता नाही." पुन्हा खटपट. "आता?" "आता मुलं आली. तक्ता अर्धा." अर्धा दिवस गेला तेव्हा कळलं की ब्राउझर तक्ता दोनदा आणत होता, कारण वर सांगितलेला पत्ता आणि खाली पानात लिहिलेला पत्ता यांत शेपटाचा, म्हणजे शेवटच्या दोन-चार अक्षरांचा, फरक होता. तो दुरुस्त केला. आणि मग, काम पक्कं व्हावं म्हणून, शेवटचा खिळा मारला. ब्राउझर एकदा आणलेली चित्रं स्वतःच्या साठ्यात ठेवतो. मी त्याला हुकूम दिला, हा तक्ता एकदा आणलास की एक वर्षभर साठ्यातलाच दाखव, मला विचारायला येऊ नकोस.

"आता?"

"पान उघडायच्या आत हजर," ते म्हणाले. इतके खूश झाले होते की त्या दिवशी चूक काढायची विसरले. मीही खूश. माझ्या धंद्यात काम झाल्याचं कौतुक फारसं कुणी करत नाही.

आता माझं शहाणपण बघा. दोन वर्षांपूर्वी मीच त्या व्यवस्थापकाला शिकवलं होतं की नवा तक्ता चढवताना फाइलचं नाव तेच ठेवायचं, म्हणजे जुन्याच्या जागी नवा बसतो आणि पानाला हात लावावा लागत नाही. तो बिचारा ते तंतोतंत पाळत होता. आणि आता मीच ब्राउझरला सांगून बसले की या नावाचा तक्ता वर्षभर बदलणार नाही. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर. एकत्र आणले की गळ्याशी येणार, हे नवशिक्यालाही कळावं. मला कळलं नाही. कळणारही नव्हतं, कारण आमच्यासारख्यांच्या मशीनवर तो साठा कायमचा बंद ठेवलेला असतो. दर वेळी सगळं ताजं हवं असतं ना आम्हाला. त्यामुळे जगाला काय दिसतं ते आम्हाला कधीच दिसत नाही, आणि आम्ही छातीठोकपणे सांगतो, "आमच्याकडे तर बरोबर दिसतंय."

तीन आठवड्यांनी तलावावर निवड चाचणी होती. मोठ्या संघासाठी बारा वर्षांखालची सहा मुलं निवडायची होती. नातीचं ते बाराखालचं शेवटचं वर्ष. वर्षभर ती पहाटे उठून पाण्यात उतरत होती आणि आजोबा काठावर टॉवेल घेऊन बसत होते. तक्त्यात लिहिलं होतं, रविवार, चार वाजता. चाचणीची तयारी म्हणून तलाव दोन दिवस आधी बंद ठेवला होता आणि त्याच बंद काळात पंचांच्या सोयीसाठी वेळ बदलली, सकाळी दहा. व्यवस्थापकाने लाल चौकोनातला चार पुसून दहा लिहिला आणि तक्ता चढवला. नाव तेच.

सगळ्यांना कळलं. ज्यांनी मधल्या तीन आठवड्यांत तलावाचं पान उघडलंच नव्हतं, त्यांना नवा तक्ता दिसला. ज्यांनी पहिल्यांदाच उघडलं त्यांनाही दिसला. जो माणूस रोज सकाळी न चुकता बघत होता, त्या एकालाच त्याच्या संगणकाने साठ्यातला जुना काढून दाखवला. शुक्रवारी चार, शनिवारी चार, रविवारी सकाळी चार. त्यांनी तो नक्कीच दोनदा वाचला असेल, एकदा उलटा.

रविवारी साडेतीनला आजोबा आणि नात फाटकाशी पोचले. आत एकटा पहारेकरी फरशीवर पाणी मारत होता. सगळं बाराला उरकलं, तो म्हणाला. आजोबांचा विश्वास बसेना तेव्हा त्याने स्वतःचा फोन काढून तक्ता दाखवला. लाल चौकोनात दहा.

हे सगळं मला नंतर कळलं. सोमवारी सकाळी फोन आला तेव्हा मला एवढंच कळलं की घसा न खाकरता बोलणं सुरू झालंय.

"तुमच्या पानावर चाचणीची वेळ चार आहे," ते म्हणाले.

मी माझ्या मशीनवर पान उघडलं. "काका, दहा आहे."

"माझ्यासमोर चार आहे. आत्ता, या क्षणी."

"आणि माझ्यासमोर दहा आहे. नीट बघा जरा."

ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. एक्केचाळीस वर्षं उलटं वाचणाऱ्या माणसाला मी नीट बघायला सांगितलं होतं.

फोन ठेवला आणि मला तो शेवटचा खिळा आठवला. एक वर्ष. मला विचारायला येऊ नकोस. मी भराभर हात चालवले. तक्त्याच्या फाइलला नवं नाव दिलं, पानात आणि प्रीलोडच्या ओळीत तेच लिहिलं, वर्षाचा हुकूम काढून टाकला. नाव नवं म्हटल्यावर ब्राउझरला साठ्यात काही सापडत नाही, त्याला सर्व्हरकडे यावंच लागतं. अशा दुखण्यावर हाच रामबाण उपाय. दहा मिनिटांत सगळ्या जगातल्या सगळ्या संगणकांवर दहा दिसायला लागलं.

त्यांच्याही.

अकराव्या मिनिटाला फोन वाजला. "दहाच आहे," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मी फोन कानाशी दाबला. "मघाशी मी चार वाचलं. काय झालं मला समजत नाही. तुम्हाला उगाच बोललो, मला माफ करा."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. काका, तुम्ही बरोबर वाचलंत, चूक माझी. एवढंच. दीर समोर बसून भुवया उडवत होता, त्याला हसण्याचं निमित्त मिळेल. व्यवस्थापकाला कळेल. पण ही सगळी मागून जुळवलेली कारणं आहेत. खरं कारण एकच, मला ओशाळं व्हायचं नव्हतं, आणि त्यांनी माझ्यासाठी वाट करून दिली होती.

"असू द्या काका," मी म्हणाले. "होतं असं कधी कधी."

वर मोठेपणाही घेतला.

त्या दिवशी दुपारी मी दिराला सांगितलं. तो म्हणाला, आता सांगून काय होणार, चाचणी थोडीच परत घेणार आहेत? मी त्याच्यावर खेकसले, की एवढासुद्धा विचार करता येत नाही का तुला. पण मनातून मला बरं वाटलं. मला हवं तेच दुसऱ्याच्या तोंडून निघालं होतं.

नंतर कानामात्रांचा फोन आला नाही. पहिला आठवडा मी सुटकेचा श्वास घेतला. दुसऱ्या आठवड्यात खाकरल्याचा आवाज आला आणि मी धसकले, तर निघाला पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारा. तिसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम तलावाच्या पानावर एक चूक घातली. 'पोहण्याचा पोशाख'मधला एक काना उडवला आणि वाट बघत बसले. इतकी मी खालच्या पातळीला गेले होते. चार दिवस तो 'पोशख' तसाच राहिला. कुणीही फोन केला नाही.

पाचव्या आठवड्यात मी त्यांना फोन लावला. नव्या वेबसाइटचा मजकूर एकदा नजरेखालून घालाल का, असं विचारायचं निमित्त होतं. फोन त्यांच्या मुलीने उचलला. ती दातांच्या दवाखान्यात काम करते, वडील आणि मुलगी दोघं तिच्याकडेच. मी कोण ते सांगितलं.

"बाबा आता वाचत नाहीत," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते मी उभ्यानेच ऐकलं. रविवारी संध्याकाळी ती वडिलांशी बोललीच नाही. नात खोलीचं दार लावून रडत होती. सोमवारी सकाळी वडिलांनी तिला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं, ये, तुला दाखवतो, त्यांच्या पानावरच चार लिहिलंय, मी आत्ताच फोन करून त्यांना विचारलंय. ती हात पुसत आली. वडिलांनी तिच्यासमोर पान उघडलं. लाल चौकोनात दहा होते. ती हात पुसतच परत फिरली. तिला वाटलं, आईचं विसरणंही असंच सुरू झालं होतं.

त्या दिवसापासून नातीला न्यायला-आणायला शेजारीण जाते. वडिलांनी दोन्ही प्रकाशकांची पुस्तकं न तपासता परत पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली, माझ्या डोळ्यांवर आता विसंबू नये. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं. ते ऐकून मुलगी जास्तच घाबरली. डोळे उत्तम म्हणजे बिघाड आणखी आत. येत्या गुरुवारी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती.

"तुम्ही त्या दिवशी त्यांना समजून घेतलंत," ती म्हणाली. "बाबा सांगत होते. तुमचे आभार मानायचे राहून गेले."

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पत्ता मागितला आणि दिराला न सांगता निघाले.

तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. खिडकीशी टेबल, त्यावर तो जुना संगणक, त्यावर कापड टाकलेलं. कानामात्रा मी मनात धरले होते त्याहून बुटके निघाले. फोनवर त्यांचा आवाज उंच माणसाचा होता. हातात वर्तमानपत्र नाही, पुस्तक नाही. मुलीने मला बसायला खुर्ची दिली. मी बसले नाही, कारण बसले असते तर पाणी, चहा, इकडचंतिकडचं सुरू झालं असतं आणि मी पुन्हा पळाले असते.

"काका, त्या दिवशी तुमच्या पडद्यावर चारच होते," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर वाचलंत. चूक माझी होती."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी माझा लॅपटॉप उघडला. तोंडी सांगून हे कुणालाही पटत नाही, सारवासारव वाटते. मी तयारी करून आले होते, लॅपटॉपवरचा साठा मुद्दाम चालू केला होता आणि एका वेगळ्या पानावर तोच वर्षाचा हुकूम दिला होता. एक चित्र, त्यात चार. ते उघडून दाखवलं. मग सर्व्हरवर त्याच नावाने दहाचं चित्र चढवलं आणि पान पुन्हा उघडलं. चार. पुन्हा उघडलं. चार. तेच पान मुलीच्या फोनवर उघडायला सांगितलं. तिथे दहा. मग फाइलचं नाव बदललं आणि लॅपटॉपवरही दहा आलं.

ते पुढे वाकून बघत होते. नाकावर चष्मा नीट केला. "पुन्हा करा," म्हणाले. मी पुन्हा केलं. त्यांनी तिसऱ्यांदा करायला लावलं आणि या वेळी माझा हात बाजूला सारून बटण स्वतः दाबलं.

"म्हणजे चार होते," ते म्हणाले.

"होते."

मुलीच्या तोंडून "बाबा" एवढंच निघालं. ती त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मला वाटलं, झालं, सुटले. एवढं सोपं होतं तर पाच आठवडे का काढले मी? व्यवस्थापकाला सांगेन, नातीसाठी काही करता येतं का बघेन, असं मी बोलायलाही लागले. निवडलेल्या मुलांची यादी कधीच पुढे गेली होती, हे मला माहीत होतं, तरी बोलत होते.

"तुम्हाला कधी कळलं हे?" त्यांनी विचारलं. विचारण्यात राग नव्हता. मजकुरात राहिलेली एखादी तारीख विचारावी तसं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. काल कळलं, म्हणता आलं असतं. "त्याच सकाळी," मी म्हणाले. "तुम्ही पहिला फोन ठेवलात तेव्हा."

"दुसरा केला त्याच्या आधी?"

"हो."

मुलीचा हात त्यांच्या खांद्यावर होता. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्याला मी लायक होते. मग ती म्हणाली, गुरुवारची डॉक्टरांची वेळ रद्द करते.

"राहू दे," ते म्हणाले. "जाऊन येऊ."

"कशाला बाबा? तुम्ही बरोबर होतात."

"त्या दिवशी होतो. त्यानंतर पाच आठवडे मी प्रत्येक गोष्ट चूक धरून चाललोय. गॅस बंद केला का, तीनदा बघतो. आज वार कोणता, तुला विचारतो. त्यातलं किती खरं बिघडलंय आणि किती मीच मानून घेतलंय, आता मला सांगता येत नाही."

मी लॅपटॉप मिटला, पिशवीत टाकला. दारापर्यंत तेच सोडायला आले. बाहेर जिन्यात मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"चूक झाली त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "चुकांवर तर माझं पोट चाललं. पण त्या दिवशी मी तुमची माफी मागितली. ती तुम्ही ठेवून घेतलीत."

त्यांनी हळूच दार लावून घेतलं. मी जिन्यातच उभी राहिले. आतून मुलगी त्यांना काहीतरी विचारत होती आणि ते मला ऐकू येणार नाही इतक्या बारीक आवाजात उत्तर देत होते.